महानंदाचं नाव पुसणारा माणूस

उदगीरला महानंदाच्या घरी पिठाची गिरणी होती. ऐकायला बरं वाटतं. गिरणीवाले म्हणजे खाऊनपिऊन सुखी, असं लोकांना वाटतं. पण ती आठवीत असताना तिच्या अप्पांचा उजवा हात पट्ट्यात गेला. बोटं गेली, आणि बोटांसोबत अप्पांचं बोलणंही गेलं. ते बाजेवर बसून रस्त्याकडं बघत राहिले ते शेवटपर्यंत. गिरणी अव्वानं चालवायला घेतली. अव्वा म्हणजे तिची आई. त्यांच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवायच्या. लाईट गेली की गिऱ्हाईक आपापले डबे उचलून दुसऱ्या गिरणीवर जायचं, आणि लाईट तर रोजच जायची. अशा दिवशी मायलेकी गिरणीच्या तोंडाभोवती सांडलेलं पीठ झाडून गोळा करायच्या, चाळायच्या आणि त्याच्या भाकरी थापायच्या. ज्वारी, गहू, हरभरा, मका, सगळं एकात. "त्या भाकरीला कुठल्याच धान्याची चव नसायची गं," महानंदा सांगायची, "कुणाचं काय खाऊन राहिलोय, तेच कळायचं न्हाई." शाळेत तिच्या केसांत पीठ दिसायचं म्हणून एक मुलगी तिला भुतीण म्हणायची. पुढं कितीतरी वर्षांनी तीच मुलगी आपल्या पोराचा ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायला महानंदाकडं आली. महानंदानं तो नीट भरून दिला, चहा पाजला आणि दारापर्यंत सोडताना म्हणाली, "भुतानं भरलाय बरं का, सांभाळून ठेव."

अशी होती ती. विसरायची नाही. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जिवंत माणसांना माफ करून टाकायची आपल्याकडं रीत आहे. ती रीत मी पाळणार नाही. पाळली असती तर महानंदालाच आवडलं नसतं. आणि या लेखात जो माणूस येणार आहे त्याचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव मी एकदाही लिहिणार नाही. त्यानं तिचं नाव पुसलं होतं. माझ्या लेखणीतून त्याला नाव मिळणार नाही.

काही आठवड्यांपूर्वी सकाळी मी नांदेडला माझ्या घरी भाकरी करत होते, तेव्हा अव्वाचा फोन आला. अव्वा कधी फोन करत नाही. "बाळा," ती म्हणाली, "महानंदा उठंना गं." मागं गिरणीचा आवाज नव्हता, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. मी तशीच निघाले. बस अहमदपूरच्या पुढं गेली आणि दुसरा फोन आला... मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी पोचले तेव्हा तिला बसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती. त्यांच्यात बसवूनच समाधी देतात. डोळे मिटून बसलेली महानंदा मी पहिल्यांदा पाहिली, कारण जागेपणी ती अशी स्वस्थ कधी बसलीच नव्हती.

आमची ओळख नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवरची. मी हदगाव तालुक्यातली, बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजून नाही, मिरवून सांगते. पहिल्याच दिवशी खोलीत महानंदानं माझी ट्रंक उघडून बघितली आणि म्हणाली, "तुझ्याकडं बी काहीच न्हाई का? बरं झालं, भांडण व्हायचं न्हाई." भांडणं रोज झाली. ती घोरायची आणि मला घोरते म्हणायची. पण चार वर्षं आम्ही एकाच कॉम्प्युटरवर शिकलो, आणि डिग्री हातात पडल्यावर लातूरच्या एकाच कंपनीत लागलो. तिथला मालक, त्याला सगळे साहेब म्हणायचे, क्लासवाल्यांच्या आणि वसतिगृहांच्या वेबसाइटी करायचा. लातुरात क्लासची काय कमी! त्यामुळं त्याच्याकडं कामाचीही कमी नव्हती.

आता थोडं कामाबद्दल सांगायला लागेल, कारण सगळं भांडण त्याच्यावरूनच झालं. वेबसाइट करताना सगळंच आपण लिहीत नाही. तारखेचं कॅलेंडर, बोट ठेवलं की खाली उघडणारी गावांची यादी, सरकणारी चित्रं... जगात कुणीतरी हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात. आपलं काम तिच्यावर टेकतं. टेकवायला हरकत नाही, फक्त कोणती घेतली, तिचं कितवं व्हर्जन घेतलं, हे एका जागी लिहून बांधून ठेवायचं, म्हणजे ते आपोआप बदलत नाही. आणि तिच्या पोटात हात घालायचा नाही. पोटात हात घातला, तर पुढं मूळ माणसानं नवं व्हर्जन काढल्यावर तुमचे टाके उसवतात. साहेबांच्या ऑफिसात असलं काही नव्हतं. तिथं होती 'शिदोरी'. पेन ड्राइव्हमधलं एक फोल्डर, ज्यात कुठून कुठून आणलेल्या लायब्रऱ्या कोंबल्या होत्या. नवं काम आलं की साहेब पेन ड्राइव्ह टेबलावर टाकायचे: "घ्या शिदोरी, लागा कामाला." तिच्यात एकच लायब्ररी पाच-पाच प्रकारची होती. नावं काय तर 'नवीन', 'एकदम नवीन', 'फायनल', 'फायनल साहेबांचं'. महानंदानं पहिल्यांदा ती उघडली आणि कपाळाला हात लावला. "अगं माय, ही तर आमच्या घरची झाडलेल्या पिठाची भाकर!"

गावांची यादी दाखवणारी एक लायब्ररी त्यात होती. परदेशी माणसानं इंग्रजीसाठी लिहिलेली. मराठीत टाइप केलं की ती गोंधळायची. म्हैसगाव लिहायला जावं, तर 'म' दिसला की ही पळत जाऊन मांडवी भरून मोकळी. जोडाक्षर पुरं व्हायची वाटच बघायची नाही. महानंदानं दुखणं शोधून काढलं. तिचं म्हणणं होतं, मूळ फाइलला हात लावू नका, मी आपला तुकडा वेगळा लिहिते, दोन दिवस द्या. साहेब म्हणाले, "दोन दिवस कशाला? आतच हाण की चार ओळी."

"सर, दुसऱ्याच्या पिशवीला आपण टाके घालू नये. तो उद्या पिशवी बदलंल."

"तू काय अमेरिकेला पाठवून राहिलीस का? औसा रोडला द्यायचंय. हाण."

तिनं हाणल्या. चालल्या. साहेबांनी ती फाइल शिदोरीत टाकली आणि ती सगळ्या वेबसाइटींत गेली. महानंदा दर महिन्याला बजावायची, "सर, ही फाइल बदलायची असंल तर मला सांगा." साहेब "हाव, हाव" करायचे.

एका मोठ्या क्लासच्या प्रवेशपरीक्षेची नोंदणी सुरू व्हायची होती. त्या दिवशी क्लासचे संचालक ऑफिसात येऊन बसले होते. त्यांना यादीचा रंग जुनाट वाटला. साहेबांनी इम्प्रेशन मारायला स्वतः खुर्ची ओढली, इंटरनेटवरून त्या लायब्ररीची ताजी फाइल उतरवली आणि जुनीवर टाकली. कुणाला विचारलं नाही. महानंदाच्या चार ओळी तिथंच गेल्या. नोंदणी सुरू झाली आणि फोन वाजायला लागले. कंधारचा पोरगा मुखेडमध्ये चालला होता, किनवटच्या पोरीला गावच सापडत नव्हतं. संचालक लाल झाले. साहेब केबिनच्या बाहेर आले, सगळं ऑफिस उभं राहिलं होतं, आणि त्यांनी महानंदाकडं बोट केलं. "हिचं काम आहे. पिठाच्या गिरणीतून उचलून आणली, कॉम्प्युटरपुढं बसवली, तरी हात पिठाचाच राहिला."

कुणी हसलं. कोण हसलं तेही मला माहीत आहे.

मला वाटलं महानंदा आता फाडून खाईल. ती खाली बसली, जुनी फाइल परत जागेवर ठेवली, यादी चालते का ते तपासलं. मग डबा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि निघाली. मी जिन्यावर गाठलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या आणि आवाज मात्र एकदम कोरडा होता. "त्याचं हे वाक्य मी जवळ ठेवलंय," ती म्हणाली. पुढल्या महिन्यात मीही ती नोकरी सोडली.

उदगीरला गिरणीच्या वर एक पत्र्याची खोली होती, तिथं ती बसायला लागली. कॉम्प्युटरवर ओलं फडकं टाकायची, नाहीतर पीठ आत जायचं. तिनं ती गावांच्या यादीची लायब्ररी मुळापासून नवी लिहिली, कुणाचं काही न उचलता. आपल्या भाषा टाइप करणाऱ्यांसाठी, जोडाक्षर पुरं होईपर्यंत दम धरणारी. आणि सगळ्या जगाला खुली करून टाकली. कुणीही वापरा, फुकट. अट एकच, जिथं वापराल तिथं माझं नाव द्या. मला म्हणाली, "तुझं बी नाव घालते चालवणाऱ्यांत. मी आजारी पडले तर किल्ली तुझ्याकडं." मी विचारलं, फुकट कशाला देतेस? तर म्हणाली, "विकत ठेवली असती तर त्यानं घेतली नसती. फुकट म्हणल्यावर तो न घेता ऱ्हाईल का? बघ तू. घेईल, आणि माझ्या नावासकट घेईल."

बाकी लोकांनी आधी घेतली. तेलंगणातल्या एकानं तेलुगूसाठी जोड दिली, कर्नाटकातल्या एकीनं कन्नडसाठी. अनोळखी लोकांचे आभाराचे निरोप यायचे, ते ती अव्वाला कानडीत वाचून दाखवायची. आणि मग एकदा तिचा फोन आला. "अगं, आला बघ! घेतली त्यानं." साहेबांच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मराठीसाठीची गावयादी, आमची स्वतःची निर्मिती. तिचं नाव कुठंच नाही.

तिनं त्याला फोन लावला. मी उदगीरला गेले होते, तिच्या बाजूलाच होते. साहेब गोड बोलले. "अगं महानंदा, माझ्याच ऑफिसात शिकलीस ना? मग घरचंच झालं की."

"शिकवलं कुणी, सर? शिदोरीनं का?"

"तुझा स्वभाव काही गेला नाही बघ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग तिनं त्यांच्या वेबसाइटचं पान उघडून आतला कोड बघितला आणि खोखो हसायला लागली. साहेबांनी तिची फाइल स्वतःकडं उतरवूनसुद्धा घेतली नव्हती. जिथं तिनं ठेवली होती तिथूनच थेट ओढत होते, आणि व्हर्जनच्या जागी लिहिलं होतं 'लेटेस्ट'. म्हणजे जे ताजं असेल ते, न विचारता, न बघता. महानंदानं आज काही बदललं की उद्या ते साहेबांच्या सगळ्या वेबसाइटींत. "दार सताड उघडं टाकून झोपलाय गं हा!"

"मग घाल ना धोंडा," मी म्हणाले.

"एका ओळीचं काम हाय. पण किनवटच्या होस्टेलवरल्या पोरीला गाव सापडलं न्हाई तर तिचा फॉर्म बुडतो. त्याचं काय बुडतं? मला त्याची इज्जत पायजे, पोरींचे फॉर्म नको."

"मग सोडून दे."

"सोडते कशाला? दोर हातात हाय. असू दे."

तो दोर तिनं शेवटपर्यंत धरून ठेवला, ओढला नाही. संधीच आली नाही असं ती म्हणायची. मग ती गेली.

तिच्या समाधीला साहेब आले नाहीत. लातूरला मात्र त्यांनी शोकसभा घेतली, हार घातलेला फोटो, मागं कंपनीचा बोर्ड. भाषणात म्हणाले, "महानंदा आमच्या टीममध्ये घडली. आमची गावयादी आम्ही तिच्या स्मृतीला अर्पण करतो." तिचीच वस्तू तिलाच अर्पण! मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. आणि आठवडा गेला नाही तो मला त्यांचा फोन. "बेटा, त्या लायब्ररीचं खातं, तिची किल्ली, तुझ्याकडं आहे म्हणे. बेवारस पडण्यापेक्षा कंपनीच्या नावावर करून टाक. आम्ही सांभाळू. ऑफिसात तिचा फोटो लावू."

"आणि लेखक म्हणून नाव?"

"तिथं कंपनीचं बरं दिसतं. आता महानंदा कोण, हे बाहेरच्याला काय माहीत?"

मी कळवते म्हणाले. दुसऱ्या दिवशी उदगीरला गेले. अव्वानं गिरणी पुन्हा चालू केली होती. तिला मी सगळं सांगितलं, खातं म्हणजे काय, नाव कुठं असतं, ते गेलं तर काय जातं. तिनं पट्टा थांबवला. "ब्याड," म्हणाली. नको. मग पदरानं हात पुसले.

"त्यानं माझ्या लेकीला कुठं बोललं होतं गं? कोपऱ्यात का चारचौघांत?"

"चारचौघांत, अव्वा."

"मग तूबी कोपऱ्यात काही करू नको."

मी वरच्या खोलीत गेले. फडकं काढलं. तिच्या खुर्चीत बसायला मला जरा वेळ लागला... मग मी नवं व्हर्जन लिहिलं. यादीचं काम होतं तसंच ठेवलं, एका पोरीचंसुद्धा गाव हरवणार नाही हे पुन्हा पुन्हा तपासलं. फक्त यादी उघडली की तिच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ यावी एवढं केलं: 'रचना: महानंदा बिराजदार, उदगीर'. चोरून नाही केलं. आधीच सगळ्यांसाठी जाहीर लिहून ठेवलं, की कर्ती वारली आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये तिचं नाव दिसेल, ज्यांना नको त्यांनी जुनं व्हर्जन बांधून ठेवावं. ज्यांनी बांधून ठेवलं होतं त्यांच्याकडं काही बदललं नाही. तेलंगणावाल्यानं तर कळवलं, नाव आणखी मोठं करा. साहेबांनी यातलं काहीच वाचलं नव्हतं. ते वाचत नाहीत हे महानंदाला आणि मला आधीपासून माहीत होतं.

आणि मी दिवस निवडला. लातूरला साहेबांनी संचालकांचा आणि वसतिगृहवाल्यांचा मेळावा ठेवला होता, नवी प्रवेशयंत्रणा दाखवायला. हॉलमध्ये मोठा पडदा. मला बोलावणं नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. शेजारी किनवटकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या. मी त्यांना ओळखत नव्हते, त्याही मला नाही. नवं व्हर्जन मी आदल्या दिवशी सोडलं होतं.

साहेब पडद्याकडं पाठ करून बोलत होते. "आता बघा आमची स्वतःची निर्मिती." कॉम्प्युटरवर बसलेल्या ऑफिसातल्या पोरानं तालुक्याच्या यादीवर बोट ठेवलं. यादी उघडली. खाली नाव. गावाची यादी उघडली, खाली नाव. विषयाची, माध्यमाची, प्रत्येक यादी उघडली की महानंदा बिराजदार, उदगीर. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते बारीक अक्षर हातभर झालं होतं. लोक एकमेकांना दाखवायला लागले. साहेबांना वाटलं यंत्रणा आवडली, ते आणखी रंगात आले, "अजून एक यादी उघड रे!"

शेजारच्या बाई उभ्या राहिल्या. "सर, ही महानंदा कोण?"

साहेब वळले. त्या तोंडाचं वर्णन मी करणार नाही, मला ते पुरवून पुरवून आठवायचं आहे. "ती... आमच्याकडं होती."

"म्हणजे हे तिनं केलंय?"

"टीमनं केलंय, मॅडम. टीमवर्क."

मग मी उठले. "सर, टीममधल्या दुसऱ्या कुणाचं एक नाव सांगा."

त्यांनी मला ओळखलं. त्यांच्या तोंडून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं, आणि मागून एका संचालकांनी ओरडून सांगितलं, "साहेब, माईक जवळ घ्या, ऐकायला येईना!"

साहेबांनी माईक जवळ घेतला. "हाव," म्हणाले. "तिनंच केलं. एकटीनं."

संध्याकाळपर्यंत त्यांनी व्हर्जन बांधायला शिकून घेतलं आणि त्यांच्या पानांवरची ती ओळ गेली. जाऊ दे. पण हॉलमधल्या लोकांनी ऐकलं होतं, त्यामुळं 'आमची स्वतःची निर्मिती' ही ओळही त्यांना काढावी लागली. तिच्या जागी आता लिहिलं आहे: गावयादी, महानंदा बिराजदार यांच्या लायब्ररीवर आधारित. खातं आम्ही दिलं नाही. त्या लायब्ररीच्या लेखकाच्या जागी एकच नाव आहे, आणि ते तिचं आहे.